हिवाळ्यातल्या भिंती: या चित्राचा पूर्ण फोटो कुणाकडे आहे का?

गल्लीबोळ | ५ जानेवारी, रात्री ९:१०

गेले चार हिवाळे मी रविवारी सकाळी वांद्र्याच्या गल्ल्यांतून भिंतींवरच्या चित्रांचे फोटो काढत फिरते. हिल रोडवरून आत वळलं की वरोडा रोड, रानवर, चॅपेल रोड. रानवर ही वांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांपैकी, म्हणजे जुन्या वस्त्यांपैकी एक. लाकडी जिन्यांची ईस्ट इंडियन (मुंबईतल्या मूळ ख्रिस्ती लोकांची) घरं, कोपऱ्यावरचे क्रूस आणि त्यांच्या मधोमध ही चित्रं. रणजित दहिया यांनी २०१२ मध्ये बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट सुरू केलं, त्यातली सिनेमातली माणसं इथल्या भिंतींवर आली. वरोडा रोडवरचा इरफान खान २०२० चा, तो गेला त्यानंतर काही दिवसांतच रंगवलेला. दहिया मूळचे हरियाणातल्या सोनीपतकडचे. सुरुवातीला घरं रंगवायची कामं करायचे, पुढे कलाशिक्षण घेतलं. भिंतीला हात लावल्यावर गिलावा कसा आहे हे ज्याला कळतं, अशा माणसाची ती चित्रं आहेत, असं मला तिथे उभं राहिल्यावर नेहमी वाटतं.

हिवाळाच का, असं घरचे विचारतात. पावसाळ्यात चार महिने भिंती ओल्या, त्यावर निळी ताडपत्री. मेमध्ये सूर्य डोक्यावर, छपराची काळी सावली चित्राचा वरचा अर्धा भाग खाऊन टाकते. डिसेंबरअखेर मात्र भर दुपारीही मुंबईत सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवरच असतो, म्हणून ऊन तिरपं येतं आणि छपराखाली शिरतं. सकाळी सव्वासातला उजाडतं. साडेसात ते साडेआठ हा एक तास तर बघत राहावा असा. पाववाला सायकलवर, कुत्री अजून पोत्यावर झोपलेली, आणि समोरच्या पिवळ्या घरावर पडलेलं ऊन उलटून चित्रावर येतं.

आता मूळ मुद्दा. एका गल्लीत एका एकमजली घराच्या बाजूच्या भिंतीवर एक मासेवाली होती. कुणी काढली ठाऊक नाही, सही नव्हती. बसलेली, गुडघ्यावर हात, पुढ्यात पाटी. त्या भिंतीवर विजेच्या मीटरचा डबा होता, तो चित्रकाराने पाटीतच घेतला होता. डब्यावर खवले काढले होते, त्यामुळे लांबून तो मोठा मासा वाटायचा आणि जवळ गेल्यावर डबा. मी तिचे चार वर्षांत चौदा फोटो काढले.

मागच्या महिन्यात गेले तर घर नाही. चारी बाजूंनी पत्रे ठोकलेले, आत जेसीबी. पुनर्विकास. ज्यांचं घर त्यांना मोठी जागा मिळणार, त्यात माझं म्हणणं काहीच नाही. पण घरी येऊन ते चौदा फोटो उघडले आणि पोटात खड्डा पडला. सगळे जवळून काढलेले. डोळा, नथ, बोटं, खवले, रंगाचे पोपडे. एकातही अख्खी मासेवाली नाही. घर नाही, गल्ली नाही, समोरचं काही नाही. हे फोटो पाहून ती भिंत जगात कुठे होती हे कुणालाही सांगता येणार नाही.

कुणी त्या बाजूला फिरलं असेल तर जुने फोटो चाळून बघाल का? आणि हिवाळ्यात तुम्ही तुमच्या गावात कुठे जाता, कसे काढता, तेही लिहा.

---

जुना_रोल | ५ जानेवारी, रात्री १०:३२

ताई, वाईट वाटलं. मासेवाली माझ्याकडे नाही, मी त्या गल्लीत कधी गेलो नाही. पण तुमचं दुःख मला चांगलं माहीत आहे.

ऑगस्ट २००९ मध्ये तुळशी पाइप रोडवर, म्हणजे सेनापती बापट मार्गावर, माहीम ते दादर रेल्वेची लांबच लांब भिंत लोकांनी रंगवली, द वॉल प्रोजेक्टच्या पुढाकाराने. आई-बाप मुलांना घेऊन आले होते, कॉलेजची पोरं होती, ज्याला जेवढा तुकडा मिळाला तेवढा त्याने रंगवला. मी दादरचा, रोल घेऊन दोन्ही दिवस तिथेच होतो. माणसांचेच फोटो काढले. म्हटलं, भिंत कुठे जातेय.

पुढच्या जानेवारीपासून मात्र दर वर्षी एक रविवार ठेवला. त्याच टोकापासून चालत यायचं आणि दर वीस पावलांवर एक फोटो, रस्त्याच्या पलीकडच्या कडेवरून. कशावर पोस्टर आलंय, कुठे पानाची पिंक, कुठे पाणी झिरपून पांढरा लोणा फुटलाय, कुठे कुणी नवीन काढलंय, सगळं येऊ द्यायचं. आज ते सगळे एकाखाली एक लावले की भिंत म्हातारी होताना दिसते. लाल रंग आधी गेला. निळा टिकला.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी सहमत नाही. तिरपं ऊन सुंदर दिसतं, पण चित्राची नोंद ठेवायची असेल तर ऊन नको. तारांची सावली, एसीच्या डब्याची सावली, झाडाची जाळी हे सगळं चित्रावर येतं आणि रंग खोटे होतात. भिंतीवर ऊन यायच्या आधीची सपाट सावली घ्या. ऊन यायच्या आधी वीस मिनिटं, बस.

---

गल्लीबोळ | ५ जानेवारी, रात्री ११:०५

काका, दर वीस पावलांवर एक फोटो हे वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले. उन्हाबद्दल: सपाट उजेडात चित्र दिसतं, पण भिंत दिसत नाही. गिलाव्याची थापी कशी फिरली आहे, ब्रशचा ओघळ कुठे थांबलाय, हे तिरप्या उन्हातच कळतं. मला दोन्ही हवंय. आता दोन फेऱ्या मारेन, एक ऊन यायच्या आधी आणि एक नंतर.

---

कसबेकर | ६ जानेवारी, सकाळी ७:४८

पुण्यातून. कसबा पेठेत २०१२ मध्ये हर्षवर्धन कदम यांनी पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्ट सुरू केला, तेव्हा आमच्या आळीतल्या म्हाताऱ्यांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या आणि नंतर पोरांना चहा दिला. वाड्यांच्या भिंती, कोसळलेले दिंडी-दरवाजे, दोन वाड्यांमधली बोळं, जिथे जागा मिळेल तिथे चित्रं.

इथला हिवाळा म्हणजे पहाटे आठ-दहा अंश. सात वाजता तांबट आळीतून आत शिरलो की ठोक्यांचा आवाज सुरू झालेला असतो. बोळ इतका अरुंद की पूर्ण चित्र मागे सरून घेता येतच नाही, पाठ समोरच्या भिंतीला टेकते. मग मी काय करतो, समोरच्या वाड्यात जातो. "काकू, जरा वरच्या खिडकीतून एक फोटो घेऊ का?" आजवर नाही कुणी म्हटलं नाही. वरून घेतलं की चित्र सरळ येतं आणि खाली बोळातून जाणारा माणूसही येतो. खालून मोबाइल वर करून काढला की चित्र वरच्या बाजूला निमुळतं होतं, तंबूसारखं. मोबाइल भिंतीला समांतर धरायचा हा एकच नियम मी पाळतो.

आणि एक. आमच्याकडे वाडे पडताहेत. अर्धा पडलेला वाडा रस्त्यावरून बघितला की आतल्या खोल्यांच्या भिंती उघड्या दिसतात. एक खोली हिरवी, एक निळी, कोनाड्याभोवती पिवळी महिरप, देवघराच्या जागी धुराचा काळा डाग. कुणी चित्र म्हणून काढलेलं नाही ते. पण मी त्याचेही फोटो घेतो. ते जेमतेम महिनाभर दिसतं, मग सपाट.

---

वाटाड्या२२ | ६ जानेवारी, सकाळी ९:१५

+१. वाचनखूण साठवली आहे. वांद्र्याला जाणाऱ्यांसाठी: रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर २०१४ मध्ये दादासाहेब फाळके रंगवले, ते लांबूनच घ्यावे लागतात. जानेवारीत सकाळी धुरकं असतं, लांबचं सगळं दुधात बुडाल्यासारखं येतं. त्यासाठी दुपारनंतर जा, वारा सुटला की हवा धुतली जाते.

---

दिल्लीची_थंडी | ६ जानेवारी, दुपारी २:२०

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे नऊ वर्षं दिल्लीत. लोदी कॉलनीबद्दल लिहायलाच हवं. इंग्रजांनी जाता जाता बांधलेली सरकारी नोकरांची वसाहत, उंच कमानी, एकसारख्या इमारती. २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून रस्त्यावरच्या कलेसाठी काम करणाऱ्या स्टार्ट इंडिया फाउंडेशनने खन्ना मार्केट आणि मेहेरचंद मार्केटच्या मधल्या या इमारतींच्या भिंती देशोदेशींच्या चित्रकारांकडून रंगवून घेतल्या. आज पन्नासच्या वर आहेत. तिथे सगळ्यात सुखाची गोष्ट म्हणजे लोक राहतात. चित्राखाली गादी वाळत घातलेली, मटार सोलत बसलेल्या बायका, उन्हात खुर्ची टाकून पेपर वाचणारे आजोबा. दिल्लीत हिवाळ्यात सगळं घर बाहेर उन्हात येऊन बसतं, त्यामुळे चित्रांना माणसं मिळतात. उन्हाळ्यात गेलात तर नुसती भिंत.

पण मला सांगायचंय ते एकाच भिंतीबद्दल. डाकू या नावाने काम करणाऱ्या कलाकाराने २०१६ मध्ये एका भिंतीतून बाहेर येणारी अक्षरं बसवली. समोरून बघितलं तर काहीच वाचता येत नाही. सूर्य वर आला की त्या अक्षरांची सावली भिंतीवर पडते आणि शब्द उमटतात. काळ सगळं बदलतो, असं काहीसं त्या कामाचं नाव.

२०१८ च्या जानेवारीत मी ते बघायला गेले. पहिल्यांदा सकाळी नऊला. धुकं. समोरचं झाड दिसत नव्हतं, सावली कुठून येणार. दुसऱ्यांदा अकराला. सूर्य होता पण दुधी, पापडासारखा, त्याची सावली पडेना. तिसऱ्यांदा पुन्हा धुकं. तिथले एक सरदारजी आजोबा मला ओळखायला लागले होते, म्हणाले, बेटा, आज भी नहीं. चौथ्यांदा साडेबाराला पोचले आणि ऊन लख्ख. अक्षरं होती. हिवाळ्यात दिल्लीत भर दुपारीही सूर्य ३८ अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे सावली आखूड, शब्द बसके, दबलेले. मेमध्ये परत गेले तेव्हा तेच शब्द लांब ओघळलेले. माझ्याकडे दोन्ही फोटो आहेत आणि रिकाम्या भिंतीचे ते आधीचे तीन पण. ते तीन मी कधीही पुसणार नाही.

स्टार्ट इंडियाचे सहसंस्थापक हनीफ कुरेशी २०२४ मध्ये गेले. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची अक्षरं जपून ठेवायचं कामही त्यांनी केलं होतं. तुमच्या गावातल्या पेंटरने रंगवलेल्या पाट्यांचेही फोटो काढा, एवढंच म्हणते. सगळीकडे फ्लेक्स आला आहे.

---

वकिलीण | ६ जानेवारी, सायंकाळी ६:५५

चर्चा छान चालली आहे, पण एक गोष्ट सांगायला हवी, कारण बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. "रस्त्यावर आहे म्हणजे सगळ्यांचं आहे" हे चित्राला लागू होत नाही.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये सवलती आहेत. सार्वजनिक जागी कायमचा उभा असलेला पुतळा किंवा कलाकुसरीची वस्तू यांचा फोटो काढून छापायला मोकळीक आहे, इमारतीच्या फोटोलाही आहे. पण त्या यादीत चित्र नाही. भिंतीवरचं चित्र हे कायद्याच्या दृष्टीने चित्रच. स्वतःसाठी काढा, अभ्यासासाठी काढा, त्यावर चर्चा करा, हरकत नाही. पण तोच फोटो कॅलेंडरवर, टी-शर्टवर, जाहिरातीत वापरायचा तर चित्रकाराची परवानगी लागेल. २०२३ मध्ये मुंबईतल्या एका भित्तिचित्रावरून असाच एक वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता, एका कंपनीने ते चित्र आपल्या जाहिरातीत घेतलं म्हणून.

म्हणून फोटोखाली चित्रकाराचं नाव लिहा. सही कोपऱ्यात असते, बहुधा खाली उजवीकडे, आणि पहिल्यांदा तीच चिखलाने झाकली जाते. तिचा वेगळा फोटो घ्या.

---

डहाणूकडचा | ६ जानेवारी, रात्री ८:४०

मी थोडं वेगळं लिहितो. तुम्ही सगळे शहरातल्या भिंतींचं लिहिताय. आमच्याकडे भिंत रंगवायचा हंगामच हिवाळ्यात सुरू होतो. भात घरात आलं की लग्नं निघतात, आणि लग्नघरात चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चित्र, लिहायचा असतो. आम्ही चौक "काढत" नाही, "लिहितो". कुडाच्या भिंतीला शेण-माती, त्यावर गेरू, आणि तांदळाच्या पिठात पाणी घालून बांबूच्या काडीने लिहायचं. लिहिणाऱ्या सवासिनी. मधे पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. त्याशिवाय लग्न लागत नाही.

जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ते आमच्या डहाणू तालुक्यातले. त्यांच्यामुळे वारली कागदावर गेली, जगात गेली. आज मुंबईत स्टेशनच्या, पुलाच्या, सोसायटीच्या भिंतीवर वारली म्हणून जे असतं ते बरंचसं बाजारातल्या रंगाने, घाईघाईत केलेलं. तारपा वाजवणाऱ्याचा फेर कुठल्या दिशेने फिरतो हेही बघितलेलं नसतं. मला त्याचं वाईट वाटतं.

फोटो काढायला या, पण चौक घरात असतो, रस्त्यावर नाही. ते देवाचं काम आहे. आधी विचारा. लिहिणं चालू असताना फ्लॅश मारू नका. आणि काढलेला फोटो परत येऊन घरच्यांना द्या. मोबाइलवर पाठवतो म्हणतात आणि पाठवत नाहीत.

---

गल्लीबोळ | ६ जानेवारी, रात्री ९:२२

दादा, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. "लिहितो" हा शब्द आता डोक्यातून जाणार नाही. फोटो छापून द्यायचा, हे मी आजवर एकदाही केलेलं नाही. करायला हवं होतं.

---

मांडवीकाठ | ७ जानेवारी, सकाळी ६:३०

पणजीहून. २०१९ च्या डिसेंबरात सेरेंडिपिटी या कला महोत्सवाच्या वेळी सॉलोमन सोझा यांनी इथल्या भिंतींवर गोव्यातली गाजलेली माणसं स्प्रेने रंगवली. ते चित्रकार एफ. एन. सोझा यांचे नातू, म्हणजे मूळ साळगावचे. पणजीच्या बाजारात मारिओ मिरांडांची चित्रं आहेतच. नारळ घ्यायला जावं आणि वर बघावं.

इथे हिवाळ्याचं वेगळंच कारण आहे. पावसात भिंतींना काळं शेवाळ चढतं आणि जानेवारीपर्यंत ते सुकून करडं होतं. तेव्हा ते चित्राच्या अंगावर सुरकुतीसारखं दिसतं. मला ते आवडतं.

डहाणूच्या दादांच्या मुद्द्याला माझं अनुमोदन. फोंताइन्हास या पणजीच्या जुन्या वस्तीत लोकांनी दारावर "इथे फोटो काढू नका" अशा पाट्या लावल्या आहेत, कारण बाहेरून येणारे पायरीवर बसून तासभर कपडे बदलून बदलून फोटो काढतात आणि आतल्या माणसाला दार उघडता येत नाही. भिंत कुणाच्या तरी घराची असते.

---

बर्फातली_चकली | ७ जानेवारी, सकाळी ९:५०

मॉन्ट्रियलमधून. इथे आत्ता उणे अठरा. रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि खिडकीबाहेर बर्फ पडतोय.

या गावात सेंट लॉरेंट रस्त्यावर २०१३ पासून दर जूनमध्ये भित्तिचित्रांचा महोत्सव होतो. बघायला सगळे जूनमध्येच येतात. पण पूर्ण चित्र बघायचं तर जानेवारीत. उन्हाळ्यात मेपलची पानं अर्ध्या भिंती झाकतात, हिवाळ्यात झाडं नागडी होतात आणि एखाद्या पार्किंगच्या मागे, गल्लीच्या टोकाला जे सहा महिने दिसलंच नव्हतं ते समोर येतं. शिवाय खाली बर्फ असला की उजेड खालून उसळतो, हनुवटीखालच्या सावल्या जातात. रंग असे पेटतात की थंडी विसरायला होतं.

क्रेसेंट स्ट्रीटवर गायक-कवी लेनर्ड कोहेन यांचं २०१७ मधलं चित्र आहे, एकवीस मजली इमारतीच्या अख्ख्या बाजूवर. जवळून मान मोडते. मी ते माउंट रॉयलच्या सज्जावरून काढते, सगळ्या शहराच्या मधोमध एक माणूस टोपी घालून छातीवर हात ठेवून उभा. डिसेंबरात इथे सव्वाचारला सूर्य मावळतो, त्यामुळे ऑफिस सुटल्यावर काहीच मिळत नाही. शनिवार-रविवारच.

थंडीतली माझी पद्धत सांगते, हिमाचलला वगैरे जाणाऱ्यांना उपयोग होईल. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवायची, थंडीत ती अर्ध्या तासात मान टाकते आणि ऊब मिळाली की परत थोडी चालते. घरात शिरण्याआधी कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालायचा आणि दोन तास उघडायचा नाही, नाहीतर भिंगावर आणि आत पाणी धरतं. बर्फ जास्त असेल तर कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड आहे आणि तो सगळं काळपट काढतो, तेव्हा कॅमेऱ्यातला उजेड (एक्स्पोजर) एक घर वाढवायचा.

गल्लीबोळ, तुझी मासेवाली वाचून मला माझ्या आजोळची, अलिबागची आठवण आली. मिळू दे तुला.

---

जुना_रोल | ७ जानेवारी, दुपारी १२:१५

कसबेकर, पडलेल्या वाड्यांचे फोटो एकदा इथे लावा. आणि सगळ्यांना विनंती, फोटोच्या नावात तारीख आणि ठिकाण लिहून ठेवा. गल्लीचं नाव, कुठल्या घरासमोर, भिंतीचं तोंड कोणत्या दिशेला. माझ्याकडे ऐंशीच्या दशकातले गिरणगावातल्या भिंतींचे, संपाच्या घोषणांचे चाळीसेक फोटो आहेत आणि त्यातल्या तिसाचं ठिकाण आज मला सांगता येत नाही. मागे पुसट दिसणाऱ्या पाट्या भिंगाने वाचतोय.

---

मावशीची_स्कूटर | १० जानेवारी, रात्री १०:०२

नमस्कार. मी इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. खास यासाठीच आज खातं काढलं.

डिसेंबर २०१९ मध्ये माझ्या मावशीने नवी स्कूटर घेतली. ती तेव्हा वांद्र्यात भाड्याने राहायची. हार घातलेल्या स्कूटरबरोबर तिचा फोटो काढायला मी रस्त्याच्या पलीकडे गेले, कारण शेजारची काकी म्हणाली, चाकाखालची लिंबं पण येऊ देत. काल हा धागा वाचताना एकदम मीटरचा डबा आठवला. फोटो शोधायला दोन तास लागले, तो जुन्या फोनमध्ये होता.

खाली लावलाय. मावशीचा चेहरा झाकला आहे, तिनेच सांगितलं. बाकी काही कापलेलं नाही. हीच का?

---

गल्लीबोळ | १० जानेवारी, रात्री १०:४७

हीच.

दहा मिनिटं नुसती बघतेय. अख्खी आहे. पायाची बोटंसुद्धा आहेत, ती मी कधी बघितलीच नव्हती, तिथे नेहमी बाइक लागलेली असायची. पाटीच्या डाव्या कडेला मांजर आहे! मला माहीतच नव्हतं. आणि ती समोर बघत नाहीये. मी चार वर्षं तिच्या डोळ्याचे फोटो काढले आणि ती कुठे बघतेय हे मला कळलं नव्हतं. ती वर बघतेय, त्याच घराच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीकडे, गिऱ्हाईक वरून हाक मारतं तेव्हा बघतात तशी. खिडकीत फुलांचा पडदा आहे. चित्रकाराने ती खिडकी धरूनच चित्र मांडलं होतं.

ताई, मावशीला माझा नमस्कार सांगा. हा फोटो छापायला परवानगी द्याल का? दोन प्रती. एक माझ्यासाठी आणि एक त्या घरातल्या आजींसाठी. त्या दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या जागेत आहेत असं पाववाल्याने सांगितलं होतं.

---

मावशीची_स्कूटर | १० जानेवारी, रात्री १०:५५

अहो, विचारता काय. मोठा करून छापा. मूळ फाइल पाठवते.

---

गल्लीबोळ | १९ जानेवारी, दुपारी १:३०

आज सकाळी आधी पत्र्यांचा फोटो काढला. रस्त्याच्या पलीकडून, जिथून स्कूटरचा तो फोटो काढला होता तिथल्याच फरशीवरून, तारीख टाकून. निळे पत्रे, वरून जेसीबीचा हात दिसतोय, बाजूचं बदामाचं झाड लाल झालंय.

मग आजींकडे गेले. नव्वदीच्या असतील. मी फोटो हातात दिला आणि म्हटलं, ही बघा तुमची मासेवाली. त्यांनी चष्मा पुसला, फोटो खिडकीपाशी नेला, उजेडात धरला. मासेवालीकडे त्यांनी बघितलंच नाही. बोट वर नेलं, पहिल्या मजल्यावर, आणि सुनेला हाक मारून म्हणाल्या, "हा पडदा मी शिवलेला. बघ, टाचण कशी सरळ आहे."